तुझ्या सापाचं नाव काय?

चि. रेवास,


मार्गदर्शकांनी प्रबंधाचा आराखडा परत केला आणि तू मला एवढंच कळवलंस, 'मामा, बॅक टू स्क्वेअर वन!' आठ महिने खपल्यावर वाईट वाटणारच. पण जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस आधी शब्दापाशीच अडतो, त्याला इलाज नाही.

हा चौकोन कुठला? 22 जानेवारी 1927 रोजी बीबीसीने लंडनच्या हायबरी मैदानावरून आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेडच्या सामन्याचं धावतं वर्णन केलं. चेंडू कुठे आहे ते श्रोत्यांना कळावं म्हणून 'रेडिओ टाइम्स'ने मैदानाचे आठ चौकोन पाडून नकाशा छापला होता. त्यातूनच हे शब्द निघाले असं सांगतात, पण तसा पुरावा नाही. मला सापशिडी जास्त पटते. 1952 साली एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात ते छापून आले, तेव्हा सोबत सापशिडीचंच नाव होतं.

सापशिडी तिकडे गेली ती आपल्याकडून. आपल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. घसरलेल्याला आपण कशामुळे घसरलो ते कळायचं. पुढे सापांची नावं पुसली गेली, उरले नुसते फासे. तुझ्या निरोपातही मला फाशांवरचा रागच दिसला. समासातले शेरे तू नीट वाचलेस का? सापाचं नाव तिथेच असेल.

त्यापेक्षा 'बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड' म्हण. 1941 साली 'न्यूयॉर्कर'मध्ये पीटर आर्नोचं एक व्यंगचित्र आलं. विमान कोसळलंय, लोक तिकडे धावताहेत आणि आराखड्याची गुंडाळी बगलेत मारून एक गृहस्थ उलट दिशेने निघालाय, पुन्हा आखायला बसायचं म्हणत. चित्रकाराने त्याच्या निर्विकारपणाची टर उडवली आहे. मला मात्र ती गुंडाळी दिसते. त्याने ती फेकलेली नाही.

'फ्रॉम स्क्रॅच'चं भाषांतर आपण 'शून्यापासून' करतो. मुळात स्क्रॅच म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ. सवलतीच्या शर्यतीत कच्च्या गड्यांना पुढे उभं करत आणि सगळ्यांत तगडा धावपटू त्या रेघेवरून सुटे. तेव्हा रेघेवर उभं राहण्यात कमीपणा नाही.

कमीपणा आहे तो तीच चूक पुन्हा गिरवण्यात. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, पहिले पाढे पंचावन्न.

रविवारी ये. परत आलेला आराखडा शेऱ्यांसकट घेऊन ये, नवा कागद माझ्याकडे आहे. आणि येण्याआधी तुझ्या सापाचं नाव एका ओळीत लिहून ठेव.

तुझा,
मामा