खर्जूरादि वटक : अग्निसंस्काराविना घरी करावयाचा श्रमहर कल्प

खजूर व सुका मेवा एकत्र कुटून केलेले छोटे लाडू आज मिठाईच्या दुकानांपासून व्यायामशाळांपर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांस ‘एनर्जी बाइट’ असे नाव मिळाले आहे आणि ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असा सार्वत्रिक समज आहे. चरकसंहितेच्या क्षतक्षीणचिकित्साध्यायातील एलादि गुटिका ज्यांनी एकदा तरी स्वहस्ते केली असेल, त्यांस या समजाचे हसू आल्यावाचून राहणार नाही. वेलची, तमालपत्र व दालचिनी प्रत्येकी अर्धा अक्ष, पिंपळी अर्धे पल, खडीसाखर, ज्येष्ठमध, खजूर व मनुका प्रत्येकी एक पल. हे सर्व एकत्र करून मधाने अक्षप्रमाण गुटिका बांधावयाच्या व रोज एक खावयाची. येथे चुलीचा संबंध कोठेही येत नाही.

शार्ङ्गधराने मध्यमखंडात वटककल्पना सांगताना पाक करून बांधलेले व पाकाविना बांधलेले असे दोन्ही प्रकार गृहीत धरले आहेत. चूर्णाच्या चौपट साखर, दुप्पट गूळ, गुग्गुळ व मध चूर्णाइतके, हे त्याचे प्रमाण आपणा सर्वांस मुखोद्गत असते. आपल्या घरातील डिंकाचा लाडू हा अग्निसिद्ध प्रकारातला. त्यात डिंक तुपात फुलवावा लागतो आणि गुळाचा पाक साधावा लागतो. खर्जूरादि वटकात बंधनाचे कार्य खजुराचा गरच करतो, म्हणून पाकाची आवश्यकता उरत नाही.

या द्रव्यांची निवडही आधुनिक आहाराच्या पुस्तकातून घेण्याचे कारण नाही. चरकोक्त श्रमहर महाकषायातील दहा द्रव्ये पाहावीत : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक. यांपैकी मनुका, खजूर, चारोळी व अंजीर ही चार द्रव्ये सुक्या स्वरूपात कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. (फल्गु म्हणजे नेमके कोणते अंजीर, हा वाद येथे काढत नाही, व्यवहारात आपण अंजीरच घेतो.) खजूर हा मधुर, गुरू, शीत, बृंहण व वृष्य असून क्षय, अभिघात, दाह व वातपित्तविकारांत हितकर सांगितला आहे. या गुणांतील ‘गुरू’ या शब्दाकडे वैद्यांचे लक्ष जाते, विक्रेत्यांचे बहुधा जात नाही. त्याचा विचार पुढे करू.

घटकांची निवड

खजूर मऊ, बीचा, पण चिकट पाणी न सुटलेला असावा. कच्छमध्ये जून-जुलैत येणारा ओला खजूर या कामास निरुपयोगी आहे. त्यात पाणी फार असते. काळा, अतिमृदू इराणी खजूर चालतो, परंतु त्यास चूर्ण अधिक लागते. प्रत्येक फळ उभे चिरून, बी काढून, आत पाहिल्याशिवाय वापरू नये. कीड आतच असते आणि बिया काढून दाबलेल्या पाकीटबंद खजुरात ती दिसत नाही. पृष्ठभागावर पांढरे काही दिसल्यास ते बोटांनी चोळून पाहावे. खडबडीत दाणे असून कोमट पाण्यात विरघळले तर ती फळातलीच शर्करा होय. कापसासारखे तंतू व कोंदट वास असेल तर ती बुरशी. तो सर्व खजूर टाकून द्यावा, वरचा भाग पुसून वापरू नये.

मनुका काळ्या, बियांच्या घ्याव्यात आणि बिया काढाव्यात. सांगली-तासगावचा बेदाणा उत्तम असतो, परंतु अतिपिवळा चकचकीत बेदाणा बहुधा गंधकाची धुरी दिलेला असतो. दम्याच्या काही रुग्णांस गंधकयुक्त संरक्षकाचा त्रास होतो. त्यांच्यासाठी करताना हा भेद अवश्य पाळावा. खोबरे व बदाम चाखूनच घ्यावेत. खवट खोबऱ्याचा एक तुकडा सर्व घाणा बिघडवितो आणि वेलचीने तो दोष झाकला जात नाही.

प्रमाण व विधी

आम्ही पुढील प्रमाण वापरतो. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, मनुका ५० ग्रॅम, सुके अंजीर ५० ग्रॅम. बदाम ७० ग्रॅम, चारोळी ३५ ग्रॅम, किसलेले सुके खोबरे ३५ ग्रॅम. सुंठ ५ ग्रॅम, वेलची ३ ग्रॅम, पिंपळी २ ग्रॅम. फळांचा गर ३०० ग्रॅम व चूर्ण १५० ग्रॅम, म्हणजे गुळाचे जे दुप्पट प्रमाण शार्ङ्गधराने दिले तेच येथे आपोआप येते. या प्रमाणात वटक तुपाविना व मधाविना व्यवस्थित बांधले जातात.

खजूर आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून, पसरून, कोरडा करावा. धुतल्यास किमान अर्धा दिवस वाळवावा, कारण शिल्लक राहिलेले पाणी हेच पुढे नासण्याचे मूळ होते. बदाम, चारोळी व खोबरे निरनिराळे जाडसर कुटावेत. मिक्सर वापरावयाचा असल्यास तो थांबवीत थांबवीत फिरवावा. सलग फिरविल्यास भांडे तापते, बदामाचे तेल सुटते आणि चूर्णाऐवजी लगदा होतो. फळे पाट्यावर किंवा खलात वाटावीत, सुंठ-पिंपळी-वेलचीचे वस्त्रगाळ चूर्ण प्रथम गरात मळावे व मेव्याचे चूर्ण शेवटी थोडे थोडे घालावे. उलट क्रमाने केल्यास पिंपळी एकाच जागी राहते आणि एखाद्या बालकाच्या वाट्यास नेमका तोच वटक येतो.

एक कर्ष म्हणजे १२ ग्रॅम या मानाने साधारण ३७ वटक होतात. पहिले दोन-तीन वजन करून बांधावेत. पुढे हातास अंदाज येतो. हात कोरडे असावेत.

एलादि गुटिकेत पिंपळी भरपूर आहे, कारण ती कासश्वासादींवरील औषधी आहे. रोजच्या खाण्यात ते प्रमाण आणू नये. पिंपळी, क्षार व लवण यांचा अतियोग टाळावा असे चरकानेच विमानस्थानात बजावले आहे.

मध घालण्याचा आग्रह काही गृहिणी धरतात. घालावयाचाच तर तो तापवू नये, त्याबरोबर समप्रमाणात तूप घालू नये, आणि एक वर्षाखालील बालकास मध असलेला कोणताही पदार्थ देऊ नये. पाच वर्षांखालील बालकांसाठी मेवा अगदी बारीक कुटावा. बदामाचा तुकडा श्वासमार्गात अडकण्याचा धोका खरा आहे. घरी कोणास काजू-बदामाची असात्म्यता आहे काय, हे विचारून मगच प्रमाण सांगावे.

कोरड्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात हे वटक आठवडाभर चांगले राहतात, शीतकपाटात सुमारे महिनाभर. पावसाळ्यात बाहेर ठेवूच नयेत. खजुरातील ओलावा हळूहळू मेव्यात उतरतो आणि मेवा प्रथम मऊ व नंतर खवट होतो. म्हणून एका वेळी थोडेच करावेत.

कोणास द्यावे, कोणास नाही

कृश, श्रमिक, खेळाडू, उपवासाने थकलेले, दीर्घ आजारातून उठलेले परंतु अग्नी जागा असलेले, यांस सकाळी किंवा दुपारी चारच्या सुमारास दोन वटक पुरेत. गुरू द्रव्य तृप्तीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत वा अर्ध्यापर्यंतच खावे, हा मात्राशितीय अध्यायातील नियम येथे अक्षरशः लागू आहे. जेवणानंतर मुखवास म्हणून चार-पाच वटक खाणाऱ्यास आम्ही अपचनाशिवाय दुसरे फळ मिळालेले पाहिले नाही. आमावस्था, कफप्रधान कास, स्थौल्य, मंदाग्नी यांत देऊ नयेत. वृक्कविकारात ज्यांना पोटॅशियम नियंत्रित ठेवावयाचे आहे त्यांसही नको. १०० ग्रॅम खजुरात ते सुमारे ६५० ते ७०० मिलिग्रॅम असते.

आणि मधुमेह. या लेखाचे खरे प्रयोजन येथेच आहे. ‘साखर घातलेली नाही’ हे वाक्य दुकानाच्या फलकावर येता येता ‘साखरविरहित’ होते, आणि रुग्णाच्या मुखी ते ‘वैद्यांच्या दुकानातले आहे, आम्हास चालते’ असे होते. १०० ग्रॅम खजुरात सुमारे ६५ ग्रॅम शर्करा असते. वरील प्रमाणाने एका वटकात ती पाच ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे चहाचा एक चमचा. बाजारातील नग बहुधा याच्या दुपटीहून मोठा असतो. असे दोन नग रोज ‘औषध’ समजून खाणारा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाकडे येतो, आणि उपाशीपोटीची साखर का वाढली याचा शोध आपण त्याच्या गोळ्यांत घेत बसतो. संतर्पणोत्थ विकारांच्या यादीत चरकाने प्रमेह सांगितला आहे, हे आपण विसरावे हे बरे नव्हे. आहार मोजून घेणाऱ्या, साखर आटोक्यात असलेल्या रुग्णाने एखादा वटक त्या दिवसाच्या हिशेबात धरून खाल्ला तर आमची हरकत नाही. मात्र तो हिशेबात धरलाच पाहिजे.

याच्या उलट बाजूही सांगणे आवश्यक आहे. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर एकाएकी उतरली, घाम व थरथर सुटली, तर हा वटक कामाचा नाही. त्यातील स्नेह व चोथा यांमुळे शर्करा सावकाश शोषली जाते. त्या वेळी ग्लुकोज किंवा साखरेचे पाणीच द्यावे.

औषधालयचालकांसाठी दोन शब्द. घरी करण्यास सांगणे वेगळे आणि डबीत भरून विकणे वेगळे. खाद्यपदार्थ म्हणून विक्री करावयाची तर २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना हवा. ‘एलादि गुटिका’ हे नाव लावले की ते औषध झाले आणि त्यास औषधनिर्मितीचा परवाना लागतो. ‘आयुर्वेद आहार’ म्हणून विकण्यास २०२२ चे स्वतंत्र विनियम आहेत. त्यांनुसार चोवीस महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी असे उत्पादन करता येत नाही. डबीवर घटक, वजन, निर्मितीचा दिनांक व मेव्याची सूचना ठळक छापावी, आणि ‘मधुमेहींसाठी’ हा शब्द छापू नये. जुन्या डब्या शिल्लक असतील तर त्यांवरील तो शब्द असलेली चिठ्ठी काढूनच त्या पुढे ठेवाव्यात.