मुरुमांचं मलम आणि वाट चुकलेल्या पेशी

मुरुमांसाठी डॉक्टर जी ट्रेटिनॉइनची ट्यूब देतात, ती तुमच्याही घरात असेल. हे ट्रेटिनॉइन म्हणजे रेटिनॉइक आम्ल. आपलं शरीर 'अ' जीवनसत्त्वापासून तेच रसायन स्वतःही बनवतं. एका दुर्मीळ कर्करोगाच्या संशोधनात ते फार महत्त्वाचं ठरलं. कसं, ते पाहू.

ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू किंवा अंडं तयार होतं, त्या बीजपेशी. त्यांच्यापासून होणाऱ्या काही गाठी मोठ्या विचित्र असतात. कापून पाहिलं तर आत केस, दात, कूर्चा! १९६४ मध्ये क्लाइनस्मिथ आणि पिअर्स यांनी उंदरांच्या अशा गाठीतली एकच पेशी काढून दुसऱ्या उंदरात सोडली. त्या एका पेशीपासून अनेक प्रकारच्या ऊती तयार झाल्या. म्हणजे ही कर्करोगाची पेशी भ्रूणपेशीसारखीच होती. काहीही बनू शकणारी, पण काही न बनता नुसतीच वाढत राहिलेली.

मग तिला मोठं व्हायला लावता येईल का? १९७८ मध्ये स्ट्रिकलँड आणि महदवी यांनी उंदराच्या अशा पेशींवर रेटिनॉइक आम्ल टाकलं आणि त्या भ्रूणाच्या एका थरातल्या पेशींसारख्या झाल्या. १९८४ मध्ये पीटर अँड्र्यूज यांनी मानवी वृषणाच्या गाठीतल्या पेशींपासून चक्क चेतापेशी मिळवल्या. हे रसायन पेशीकेंद्रातल्या ग्राहक-प्रथिनांना चिकटतं आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद, हे बदलतं.

पेशीला मारायचं नाही, वळण लावायचं. ही कल्पना पुढे रक्ताच्या एका कर्करोगात फळली. शांघायमध्ये वांग झेन्यी यांच्या गटाने १९८८ मध्ये २४ रुग्णांचे निकाल छापले आणि उपचारांची दिशाच बदलली. वृषणाच्या गाठींत मात्र रुग्णांवर तसं यश आलं नाही. तिथे आजही शस्त्रक्रिया आणि सिसप्लॅटिनसारखी औषधं हाच आधार आहे, आणि त्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

तेव्हा दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. या प्रयोगांवरून मलमाने गाठ होते असं म्हणता येत नाही, आणि मलमाने गाठ बरी होते असंही नाही. ते प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झाले होते.

पण हे रसायन भ्रूणाच्या पेशींना आज्ञा देतं, हे खरंच. म्हणूनच त्याचं भावंड असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गरोदरपणात घेतल्या तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. घरात कुणी या गोळ्या घेत असेल, तर गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

आणि वृषणाचा कर्करोग विशी-तिशीतल्या मुलांना जास्त होतो. न दुखणारी गाठ लागली तर लाजून गप्प बसू नका. परदेशात एकट्या राहणाऱ्या आपल्या भावाला, मुलालाही हे सांगा.