सराव परीक्षा आणि चुकांची वही

मोखाडा-जव्हारच्या पालकांनो, परराष्ट्र सेवेसाठी वेगळी परीक्षा नसते. जी यूपीएससी देऊन कलेक्टर होतात, तीच देऊन राजदूतही होता येतं; सेवांच्या पसंतीक्रमात भारतीय परराष्ट्र सेवा वर लिहायची आणि तेवढे गुण मिळवायचे. पदवी कोणत्याही शाखेची चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली या सेवेत गेले आणि पुढे न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले.

कर्ज काढून मुलाला लगेच पुण्याला धाडू नका. यूपीएससीच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. खरा सराव तिथूनच सुरू करायचा.

सराव कशासाठी?

पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास. उत्तर चुकलं की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. समजा, दोघांची ४५ उत्तरं बरोबर आली. एकाने ९० प्रश्न सोडवले, त्याला ६० गुण. दुसऱ्याने ७० वरच हात आवरला, त्याला ७३. अभ्यास सारखाच, पण कुठे थांबायचं हे दुसऱ्याला कळलं होतं. ते सरावानेच कळतं. दुसऱ्या पेपरात ३३ टक्के मिळवले की पुरे, पण ते न मिळाल्यास पहिल्या पेपरातले गुण वाया जातात.

मराठी माध्यमाचं काय?

मुख्य परीक्षेची उत्तरं आणि मुलाखतही मराठीतून देता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. त्यामुळे पहिल्या दिवसापासून जुने प्रश्न इंग्रजीतच वाचा. अडलेला शब्द वहीत लिहा.

पेपर झाल्यावर

सोडवायला दोन तास लागले, तर तपासायला चार द्या. प्रत्येक चूक वहीत उतरवा आणि तिच्यापुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की अंदाज मारला? दहा पेपरांनंतर ही वहीच सांगते, पुढे काय वाचायचं.

अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना ३७ वर्षांपर्यंत कितीही वेळा परीक्षा देता येते आणि शुल्क लागत नाही. ही मोठी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर वर्षं घालवू नका. सोबत एमपीएससीही द्या. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पूर्वपरीक्षा सकाळी साडेनऊला सुरू होते. येत्या रविवारी त्याच वेळी घड्याळ लावून बसा. आईबाबांनी एवढंच करावं: ते दोन तास पोरीला पाण्याला पाठवू नये, आणि संध्याकाळी “किती मार्क पडले?” असं न विचारता “काय चुकलं ते सापडलं का?” असं विचारावं.