झाशीची हवेली : शेतात राखलेले पाणी

झाशीच्या परिसरात वर्षाला सुमारे ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात तेथील अनेक विहिरी कोरड्या पडतात. याचे कारण भूमीच्या रचनेत आहे. बुंदेलखंडाच्या मातीखाली ग्रॅनाइटचा कठीण खडक आहे. पाणी साठते ते मुख्यतः त्याच्या वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. हा थर उथळ असल्यामुळे लवकर भरतो आणि लवकरच रिता होतो. उरलेले पाणी मातीचा कस घेऊन नाल्याला मिळते.

यावर तेथील शेतकऱ्यांनी पूर्वीच एक उपाय योजिला होता. त्यास हवेली म्हणतात. येथे हवेली म्हणजे वाडा नव्हे. उताराच्या खालच्या अंगास बांध घालून पावसाळाभर शेतातच पाणी राखण्याची ती पद्धती होय. भंडाऱ्याकडील मालगुजारी तलाव शेताला पाणी पुरवितो. हवेलीत शेत हाच तलाव होतो. एक हेक्टर शेतात सरासरी ३० सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर ते ३० लाख लिटर भरते. ऑक्टोबरच्या सुमारास हे पाणी सोडून देतात आणि वाफसा येताच गहू किंवा हरभरा पेरतात. तोवर तण कुजते, गाळ बसतो आणि मुरलेले पाणी खालच्या विहिरींना पोचते.

मग अशी उपयुक्त पद्धती मोडली का? ज्याचे शेत बुडते त्यास खरिपावर पाणी सोडावे लागते. लाभाचा मोठा वाटा मात्र खालच्या विहिरींना मिळतो. बांधाच्या दुरुस्तीची सामायिक जबाबदारी सुटली, की एखाद्या अतिवृष्टीत तो फुटतो आणि पुन्हा उभा राहत नाही.

झाशी जिल्ह्यातील परासई-सिंध या १,२४६ हेक्टरांच्या पाणलोट क्षेत्रात २०११ पासून केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था व इक्रिसॅट यांनी ग्रामस्थांसह जुनी हवेली दुरुस्त केली, नाल्यांवर बंधारे बांधले आणि शेतांच्या बांधांवर झाडे लावली. पुढे तेथील विहिरींची पातळी २ ते ५ मीटरांनी वाढल्याचे आढळून आले.

परंतु खडकातील साठा उथळच राहणार, हे विसरता कामा नये. पाणी वाढले म्हणून प्रत्येकाने पंपाने मनमानी उपसा केला, तर विहिरी पुन्हा आटतील. म्हणून बांध राखणे आणि उपसा आवरणे ही दोन्ही कामे गावाने मिळूनच केली पाहिजेत. एकट्या शेतकऱ्याच्या श्रमाने हवेली टिकत नाही.