बोर्डाच्या आधी होस्ट!

थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट सुरू झाला की प्रत्येक ग्रुपला एंबेडेड बोर्ड हवा असतो. तो हातात आला की सगळ्यांना लगेच एलईडी लुकलुकवायचा असतो. पण लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डासाठी आपला नेहमीचा कॉम्प्युटर, म्हणजेच 'होस्ट', आधी तयार करावा लागतो. आमच्या ग्रुपला बोर्ड मिळाला आहे एकच, आणि तोही ठरलेल्या तारखेला लॅबमध्ये परत द्यायचा आहे. होस्टवर जितके दिवस जातील तितके प्रोजेक्टमधून वजा! म्हणून हा लेख. उदाहरण घेतलं आहे २०१३ साली आलेल्या 'बीगलबोन ब्लॅक'चं.

होस्ट कशाला?

या बोर्डावर १ गिगाहर्ट्झचा एआरएम कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर आणि फक्त ५१२ एमबी रॅम आहे. कर्नल त्याच्यावरच कंपाइल करायचं म्हटलं तर वाट बघून बघून जीव जाईल. म्हणून काम होस्टवर करायचं. क्रॉस कंपायलर चालतो आपल्या पीसीवर, पण कोड तयार करतो एआरएमसाठी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लिनक्स एसडीकेमध्ये हा कंपायलर, कर्नलचा सोर्स आणि बोर्डाची फाइल सिस्टिम असं सगळं एकत्र मिळतं. सोबत 'सेटअप डॉट एसएच' नावाची स्क्रिप्ट असते.

स्क्रिप्ट काय करते?

१) होस्टवरचं उबुंटू चालण्यासारखं आहे का ते तपासते. कोणतं व्हर्जन लागतं ते रिलीज नोट्समध्ये दिलेलं असतं, तेच टाका.

२) लागणारी पॅकेजेस इंटरनेटवरून उतरवते. हॉस्टेलचं नेट रात्री कसं चालतं ते सर्वांना माहीत आहे, तेव्हा हे काम पहाटे उरका!

३) बोर्डाची फाइल सिस्टिम होस्टवरच्या एका फोल्डरमध्ये उलगडते आणि एनएफएसने नेटवर्कवर खुली करते.

४) टीएफटीपी सर्व्हर बसवते. बोर्ड सुरू होताना कर्नल इथून उचलतो.

५) सीरियल पोर्टसाठी मिनिकॉम सेट करते. वेग ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही.

६) शेवटी यू-बूटला, म्हणजे बोर्डाच्या बूटलोडरला, होस्टचा आयपी पत्ता सांगते.

एवढा खटाटोप कशासाठी? तर प्रोग्राम बदलला की दर वेळी मेमरी कार्ड काढा, लिहा, परत घाला, हे सगळं वाचतं. होस्टवरच्या फोल्डरमध्ये नवीन फाइल टाकली की ती बोर्डाला दिसते.

एंटर मारत सुटू नका

स्क्रिप्ट प्रत्येक पायरीवर प्रश्न विचारते आणि कंसात तयार उत्तरही देते. नुसतं एंटर दाबलं की तेच उत्तर पक्कं होतं. बहुतेक ठिकाणी ते चालतं, आयपीच्या प्रश्नाला मात्र थांबायचं.

आपल्यापैकी बरेच जण विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात उबुंटू चालवतात. तिथे नेटवर्क सुरुवातीला 'नॅट' प्रकारचं असतं आणि स्क्रिप्टला १०.०.२.१५ असा पत्ता सापडतो. हा पत्ता व्हर्च्युअलबॉक्सच्या आतला! बाहेरच्या बोर्डाला तो दिसणारच नाही. बोर्ड कर्नल मागत बसतो आणि आपण केबल बदलत बसतो. उपाय सोपा आहे. स्क्रिप्ट चालवण्याआधीच सेटिंग 'ब्रिज्ड अडॅप्टर' करा, वायरचं नेटवर्क निवडा, आणि बोर्ड व होस्ट एकाच राउटरला जोडा.

आणखी तीन गोष्टी

सीरियल पोर्टला 'परमिशन नाही' असा मेसेज आला तर आपला युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये आहे का ते बघा. ग्रुपमध्ये घातल्यावर एकदा लॉग आउट करून परत लॉग इन व्हावं लागतं.

सीरियल केबल ३.३ व्होल्टचीच घ्या. ५ व्होल्टच्या सिग्नलने बोर्ड जळू शकतो, आणि तो आपला नसतो.

मेमरी कार्डावर 'डीडी' कमांडने इमेज लिहिताना डिस्कचं नाव दोनदा वाचा. कार्डाऐवजी हार्ड डिस्कचं नाव गेलं तर ही कमांड काहीही न विचारता तुमच्या सगळ्या असाइनमेंट्स पुसून टाकेल.

शेवटी एक विनंती. स्क्रिप्टच्या प्रत्येक प्रश्नाला काय उत्तर दिलं ते जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, एसडीके आणि उबुंटूच्या व्हर्जनसकट. पीसी फॉरमॅट झाला तर ते पान तुमच्या उपयोगी पडेल, आणि पुढच्या वर्षी हाच बोर्ड घेणाऱ्या ज्युनिअर्सचा आठवडा वाचेल.