आधी पेलेट, मग शेगडी

येरमाळा, ता. कळंब

चि. बाळास,

आक्काचा खोकला थांबत नाही म्हणून पेलेटची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर चालणारी, शेगडी घ्यायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. तिचा जन्म तुराट्यांच्या धुरात गेला. घरात सिलिंडर असला तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, ही आपल्याकडची रीत. तेव्हा शेगडी घेच. पण पैसे मोजण्याआधी पेलेट कुठून येणार, कसले असणार आणि बारा महिने मिळणार का, एवढं पक्कं कर. घोडं पेंड खातं ते तिथंच.

‘ऊर्जा’ शेगडीचं काय झालं ते बघ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं तंत्र, बीपी कंपनीनं २००६ च्या सुमारास ती बाजारात आणली, पुढं पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं तो व्यवसाय चालवला. मुख्यतः महाराष्ट्र-कर्नाटकात चार लाखांच्या आसपास शेगड्या खपल्या. जाळ गॅससारखा, धूर नावाला. पण ती चालायची फक्त पेलेटवर. शेतातल्या काडीकचऱ्याचे भाव चढले तसे पेलेट महागले, आणि चांगल्या शेगड्या घराघरांत नुसत्या पडून राहिल्या. आता तर पेलेटला मोठं गिऱ्हाईक आलंय. २०२१ च्या धोरणानं औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात पेलेट मिसळायला लावलं. ट्रकच्या ट्रक भरून देणारा कारखानदार तुझ्या दोन पोत्यांसाठी थांबेलच असं नाही. म्हणून जवळचाच कारखाना गाठ आणि वस्तीवरच्या पाच-सहा घरांची मागणी एकत्र कर.

खर्चाचा हिशेबही आधीच कर. १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम करायला चांगल्या शेगडीत ७० ते ८० किलो पेलेट लागतात, कारण किलोमागे उष्णता गॅसच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच आणि भांड्याला लागते त्यातलीही थोडीच. तेवढे पेलेट सिलिंडरच्या भावात परवडत असतील तरच पुढं जा.

आता पेलेटची पारख. एक कांडी घे, बोटांनी मोड. कडकन मोडली पाहिजे, चुरा होता कामा नये. अंगावर तकाकी हवी. दाबयंत्रात लाकडातलंच लिग्निन तापून मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं, त्याची ती तकाकी. मग ती पाण्याच्या पेल्यात टाक. चांगली कांडी लगेच बुडते, फुगते आणि थोड्या वेळात तिचा भुसा होतो. वर तरंगली तर दाब कमी पडला असं समज. बराच वेळ तशीच टणक राहिली तर आत कसला चिकटा घातलाय ते विचार. पोत्याच्या बुडाशी हात घालून चुरा किती आहे तेही बघ, कारण चुरा हवेच्या वाटा बुजवतो.

पेलेट कशापासून केलेत, हे विचारायला लाजू नकोस. निव्वळ लाकडाची राख शंभर किलोला किलोभर किंवा त्याहून कमी. काडीकचऱ्याची पाच-दहा किलो, आणि साळीच्या तुसाची त्याच्याही वर, वीसपर्यंत जाते. कचऱ्यासोबत माती आली की ती राख वितळून खडे बनतात आणि जाळीची भोकं बंद होतात. आपल्या भागात तुराटीचे किंवा बाभळीच्या भुशाचे मिळाले तर उत्तम. सोयाबीनच्या गुळीचे नकोत, ती जनावरांच्या तोंडची आहे. आणि फर्निचरच्या भुशाचे तर फुकट दिले तरी घेऊ नकोस. प्लायवूडमधला गोंद आणि रंग जळतो, आणि आपण त्याच आरावर भाकरी शेकतो.

पेटवताना डबा वरच्या भोकांच्या खालीपर्यंतच भर आणि जाळ वरून लाव. खालच्या हवेनं पेलेटचा वायू होतो, वरच्या भोकांतल्या हवेनं तो जळतो. वरची भोकं बुजली की नुसता धूर. आधी शेगडीचा पंखा मंद ठेव, जाळ धरला की वाढव. मध्येच वरून मूठ-मूठ टाकत बसू नकोस. लाईटचा भरवसा नाही, तेव्हा पंख्याची बॅटरी रात्रीच चार्ज करून ठेव.

जाळ संपला की खाली लाल आर उरतो. भाकरी तव्यावर भाजून झाली की या आरावर टम्म फुगते; आक्काला ही शेगडी आवडेल ती यामुळंच. मात्र त्या आरातून वास नसलेला विषारी वायू निघतो. खिडकी उघडी पाहिजे, आणि थंडीत शेगडी झोपायच्या खोलीत नेऊ द्यायची नाही. हे तिला नीट बजावून सांग, ती ऐकणार नाही तरी सांग.

पोती जमिनीवर ठेवू नकोस, खाली फळ्या घाल. पावसाळ्यात उघडलेलं पोतं पत्र्याच्या कोठीत ओत. एकदा ओल धरली की पेलेटचा भुसाच.

आणि शेगडी घेताना तिच्यावर भारतीय मानक १३१५२ चा क्रमांक आहे का ते बघ; पंख्याच्या शेगडीनं त्यात किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला द्यावी लागते.

चैत्री पौर्णिमेला इथं येडाई देवीच्या यात्रेला येशीलच. तेव्हा ठरवलेल्या कारखान्यातून चार-पाच किलो नमुना घेऊन ये. माझ्या शेगडीत एक पूर्ण स्वयंपाक करू, राख मोजू, मग तू पैसे दे.

आक्कास नमस्कार.

तुझा,
मामा