चेक वटल्याशिवाय बागेतून माल हलवू नकोस

अकोला,
13 नोव्हेंबर 2025

चि. गजानन यास,


यंदा आंबिया बहाराचा सौदा तू एकट्यानं करणार, असं दादांनी फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात वाढलेल्या पोराला संत्र्याची पारख शिकवावी लागत नाही. चेकची पारख मात्र वेगळी असते. माझी सारी नोकरी बँकेत चेकच्या टेबलावर झाली, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट पक्की धर. चेक म्हणजे पैसे नव्हेत, तो पैसे देण्याचा नुसता हुकूम आहे. हुकूम खरा की खोटा आणि देणाऱ्याच्या खात्यात तेवढी रक्कम आहे की नाही, हे त्याची बँक ठरवते. तू चेक भरतोस तेव्हा तुझी बँक स्लिपवर शिक्का मारते. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की कागद जमा झाला.

फसवणारा नेमका या मधल्या वेळेवर डाव टाकतो. बाहेरगावचा व्यापारी म्हणून तो फोन करतो, भावात घासाघीस करत नाही, खाते क्रमांक मागून घेतो आणि चेक स्वतःच तुझ्या खात्यात भरून शिक्क्याच्या स्लिपचा फोटो पाठवतो. रक्कम ठरल्यापेक्षा पन्नास-साठ हजारांनी जास्त असते. मग सांगतो, "मुनिमाच्या हातून चूक झाली, वरचे पैसे तेवढे फोनपेवर परत टाका, ट्रकवाल्याला द्यायचे आहेत." माणूस भला असला की लगेच पाठवतो. दुसऱ्या दिवशी चेक खोटा निघतो. त्याचे पैसे कधी आलेलेच नसतात, तुझे मात्र गेलेले असतात. म्हणून ज्यानं जास्तीची रक्कम दिली आणि वरची परत मागितली, त्याच्याशी सौदा तिथंच तोड. डिमांड ड्राफ्टही खोटा छापता येतो. तो हाती आला तर ज्या शाखेनं काढला तिचा नंबर स्वतः शोधून विचार, त्यानं दिलेल्या नंबरवर नको.

अमेरिकेत शिकणाऱ्या तुझ्या बहिणीलाही हे कळव. तिथल्या कायद्यानं बँकेला चेकची रक्कम एक-दोन दिवसांत खात्यात वापरायला द्यावी लागते, मग चेक खोटा असल्याचं पुढं केव्हाही उघड होवो. तेव्हा बँक ती रक्कम खातेदाराकडूनच वसूल करते. घरबसल्या नोकरीच्या नावानं चेक पाठवून त्यातून गिफ्ट कार्ड घ्यायला लावणारे लोक परदेशी विद्यार्थ्यांना असेच नाडतात.

आपल्याकडं दुसरा धोका जास्त: चेक खरा, खातं रिकामं. संत्रा झाडावर फार थांबत नाही, मजूर तोडणीला आलेले असतात, ट्रक धुऱ्यावर उभा असतो. ही घाई समोरच्याला ठाऊक असते. म्हणून इसार आरटीजीएसनं घे आणि उरलेली रक्कम खात्यात पडल्यावरच ट्रक सोड. चेकच घ्यावा लागला तर थांब. आता फार थांबावंही लागत नाही. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेनं दिवसभर सलग क्लिअरिंग सुरू केलं आहे. वेळेत पुढं गेलेल्या चेकबद्दल समोरच्या बँकेनं त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं असतं. मोबाइलवरच्या मेसेजवर विसंबू नकोस, तोही खोटा पाठवता येतो. पासबुक भर किंवा शाखेत विचार.

चेक परत आलाच तर बँकेचा रिटर्न मेमो जपून ठेव. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली चेक देणाऱ्याला 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत त्यानं पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. "देतो भाऊ, पुढच्या आठवड्यात देतो" ऐकत बसणाऱ्यांची मुदत निघून जाते. चेक फक्त तीन महिने चालतो, हेही ध्यानात असू दे.

आपलं चेकबुकही सांभाळ. 2020 साली अयोध्येच्या राम मंदिर ट्रस्टच्या खात्यातून बनावट चेकांवर सहा लाख रुपये निघाले. त्या क्रमांकांचे मूळ चेक ट्रस्टकडेच होते. तिसरा चेक जवळपास दहा लाखांचा होता. बँकेनं खात्री करायला फोन केला, म्हणून तो अडला. कोऱ्या चेकवर सही करून ठेवू नकोस, चेकचा फोटो कुणालाही पाठवू नकोस. पन्नास हजारांवरचा चेक दिलास तर त्याचा तपशील पॉझिटिव्ह पे मध्ये बँकेला आधी कळव. ही सोय 1 जानेवारी 2021 पासून आहे.

एवढं करूनही फसवणूक झाली तर लाजून घरात बसू नकोस. त्याच घटकेला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन कर, बँकेला कळव आणि पोलिसांत जा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येतात.

वर्षभराची मेहनत झाडावर लटकलेली आहे. जो व्यापारी चेक वटेपर्यंत थांबायला तयार नाही, त्याला आपला माल देऊ नकोस. सौदा हातचा गेला तरी चालेल, दुसरा मिळेल.

तुझा,
काका